आकाशगंगेतील उतरंड

बी. ए.च्या वर्गात 'सत्ता' ही संकल्पना शिकवीत असताना मी एकदा फळ्यावर एका काल्पनिक साम्राज्याचा नकाशा काढला. मधोमध एक मोठा ठिपका, त्याभोवती वर्तुळे, आणि अगदी कडेला, खडू जिथे फळ्याच्या चौकटीला लागतो तिथे, एक बारीक ठिपका. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हा गाव आणि ती वस्ती का?" मी म्हणालो, नाही रे, हा ट्रँटॉर आणि तो टर्मिनस, दोन्ही ग्रह आहेत आणि दोन्ही फक्त पुस्तकात आहेत. वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही, आणि त्याने नकाशा बरोबर वाचला होता असे मला आजही वाटते.

विज्ञानकथा म्हटली की आपल्या चळवळीतील माणूस जरा तोंड वाकडे करतो. ज्या साहित्याचा पाया भोगलेले जगणे हा आहे, त्या साहित्याच्या वाचकाला आकाशगंगेतील राजेरजवाड्यांशी काय देणेघेणे, हा प्रश्न रास्तच आहे. माझे उत्तर एवढेच की प्रत्यक्षातील उतरंड आपल्यासमोर येते ती धर्म, रूढी, परंपरा, दैव यांच्या आवरणात गुंडाळलेली. कोणते मडके कोणावर टेकले आहे ते चटकन दिसत नाही. कल्पित समाज उभा करणाऱ्या लेखकाला मात्र प्रत्येक मडके स्वतःच्या हाताने रचावे लागते. कोणाच्या हाती काय आहे, कोण कोणावर अवलंबून आहे, कोणाला काय कळू द्यायचे नाही, हे त्याला ठरवावेच लागते. म्हणून सत्तेचे सांधे तिथे उघडे पडतात. कधी कधी तर लेखकाच्याही नकळत.

यासाठी आयझॅक असिमोव्ह यांची 'फाउंडेशन' ही कथामाला घेऊ. असिमोव्ह १९२० साली रशियातील एका ज्यू कुटुंबात जन्मले. १९२३ मध्ये आईबापांबरोबर अमेरिकेत आले आणि ब्रुकलिनमध्ये वडिलांच्या गोळ्याबिस्किटांच्या दुकानात गिऱ्हाइके सांभाळीत मोठे झाले. या मालेतील पहिली कथा मे १९४२ मध्ये 'अस्टाउंडिंग' या मासिकात आली. पुढे १९५१ ते १९५३ या काळात त्या सगळ्या कथा तीन पुस्तकांत एकत्र झाल्या. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील गिबनचा ग्रंथ वाचून ही कल्पना सुचल्याचे असिमोव्ह यांनी स्वतःच सांगितले आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या अफाट आकाशगंगेत माणसाखेरीज दुसरी कोणतीही बुद्धिमान जात नाही. मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांना परग्रहवासीयांपेक्षा माणूस श्रेष्ठ ठरलेला आवडत असे. हिटलर युरोपात ज्यूंचा संहार करीत असताना श्रेष्ठ वंश, कनिष्ठ वंश ही भाषा या ज्यू लेखकाच्या गळ्याखाली उतरेना. संपादकाशी भांडण्यापेक्षा त्यांनी परग्रहवासीच वगळले. वंश गेला. उतरंड मात्र गेली नाही, आणि आपल्या दृष्टीने मौज इथेच आहे. सर्व माणसे एकाच वंशाची असली तरी राज्याराज्यांत वरचा-खालचा भेद कशाकशावर उभा राहू शकतो, याचा जणू तो प्रयोगच झाला.

आरंभीची मांडणी अशी. बारा हजार वर्षे टिकलेले एक साम्राज्य, त्यात अडीच कोटी वस्ती असलेले ग्रह. मध्यभागी ट्रँटॉर ही राजधानी. हा अख्खा ग्रह धातूच्या छताखाली झाकलेला, आणि त्यावरील चार हजार कोटी माणसांचा धंदा एकच, राज्यकारभार. तिथे कणीस पिकत नाही. वीस शेतकरी-ग्रहांवरून जहाजे भरभरून धान्य रोज येते, तेव्हा राजधानी जेवते. उतरंडीच्या टोकाला बसलेला सर्वांत परावलंबी असतो, हे असिमोव्ह पहिल्या पन्नास पानांतच दाखवून देतात, पण त्यावर भाष्य करीत नाहीत. पुढे काही शतकांनी ट्रँटॉर लुटला जातो, तेव्हा उरलेली थोडी माणसे राजवाड्याच्या आवारातील उघड्या मातीत शेती करू लागतात आणि छताचा पत्रा मोडून विकतात. साम्राज्याची राजधानी भंगाराच्या भावाने गेली. संपूर्ण मालेतील हे चित्र मला सर्वांत जास्त आवडते.

ट्रँटॉरच्या खाली प्रांत, प्रांतांचे सुभेदार, आणि कडेला दूरचे, दरिद्री ग्रह. हॅरी सेल्डन नावाचा गणिती भाकीत करतो की साम्राज्य कोसळणार आणि त्यानंतर तीस हजार वर्षांचा अंधार येणार. तो एक हजार वर्षांवर आणता येईल. यासाठी एक लाख माणसे आकाशगंगेच्या टोकाशी, टर्मिनस या ग्रहावर वसवली जातात. निमित्त, सर्व ज्ञानाचा एक विश्वकोश तयार करणे. टर्मिनसवर धातू नाहीत, सैन्य नाही. म्हणजे सत्तेची जी नेहमीची साधने आहेत त्यांतले काहीच नाही. पन्नास वर्षांच्या आत केंद्र ढिले पडते, जवळचा अ‍ॅनाक्रिऑन प्रांत फुटतो आणि त्यातून चार राज्ये निघतात : अ‍ॅनाक्रिऑन, स्मिर्नो, कोनॉम, डॅरिबो. कालचे सुभेदार आज राजे. मुकुट नवे, पण अणुशक्ती चालवायची विद्या हातून गेलेली. घरे आणि यंत्रे पुन्हा कोळसा नि तेलावर आलेली.

इथे साम्राज्याचा दूत लॉर्ड डॉर्विन येतो, आणि आपल्याला तो फार ओळखीचा वाटतो. हा गृहस्थ स्वतःला पुरातत्त्वज्ञ म्हणवतो. माणसाचा मूळ ग्रह कोणता या प्रश्नावर त्याचा अभ्यास चालू आहे. पद्धत अशी की जुन्या पंडितांचे ग्रंथ समोर ठेवायचे, एकाचे मत दुसऱ्याच्या मताशी ताडून पाहायचे आणि निर्णय द्यायचा. टर्मिनसचा महापौर साल्व्हर हार्डिन विचारतो की आपण स्वतः तिथे जाऊन उत्खनन का करीत नाही? लॉर्डसाहेबांना हा प्रश्नच गावंढळ वाटतो. ग्रंथ असताना माती कशाला उकरायची? पोथी हेच प्रमाण मानणाऱ्या विद्वत्तेची इतकी नेमकी टिंगल मी आपल्याकडच्या समीक्षेतही क्वचित वाचली आहे. पाच दिवस हा माणूस बोलतो, टर्मिनसला साम्राज्याच्या संरक्षणाची आश्वासने देतो. त्याच्या सर्व वाक्यांचे तर्कशास्त्राने पृथक्करण केले तेव्हा शेष उरते ते शून्य. आश्वासनांच्या भाषेची अशी बेरीज-वजाबाकी करण्याचा प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांनी एखाद्या निवडणुकीनंतर करून पाहावा.

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅनाक्रिऑन बळकट, टर्मिनस निःशस्त्र. अ‍ॅनाक्रिऑन लष्करी तळ टाकू पाहतो. हार्डिन उरलेल्या तीन राज्यांकडे जाऊन एकच गोष्ट सांगतो की टर्मिनसची अणुविद्या एकट्या अ‍ॅनाक्रिऑनच्या हाती पडली तर उद्या तुमचे काय? तिन्ही राजे मिळून अ‍ॅनाक्रिऑनला दम देतात आणि अ‍ॅनाक्रिऑन माघार घेतो. या तिघांना टर्मिनसचे प्रेम नव्हते. आपल्या बरोबरीचा आपल्या वर जाईल, ही भीती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे विश्लेषण करताना साध्या विषमतेपासून श्रेणीबद्ध विषमता वेगळी काढली आहे. साध्या विषमतेत खालचे सारे एक होऊ शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येक पायरीला खालच्या पायरीचा आधार असतो, म्हणून वरच्याविरुद्ध उठण्यापेक्षा आपली पायरी राखण्यात तिला अधिक रस वाटतो. ही चार राज्ये एकत्र आली असती तर टर्मिनस एका दुपारी संपले असते. ती कधीच एकत्र आली नाहीत. ब्रिटिश अमदानीत संस्थानिकांना तोफांच्या सलाम्या मोजून दिल्या जात, बडोद्याला २१, कोल्हापूरला १९, आणि खाली उतरत उतरत काहींना एकही नाही. शेजारच्यापेक्षा दोन तोफा जास्त मिळाव्यात म्हणून अर्ज करणारा राजा त्या तोफा कोणाच्या आहेत हे विचारीत बसत नाही.

संकट टळल्यावर हार्डिन चारही राज्यांना अणुविद्या देतो, आणि ती कशी देतो ते पाहण्यासारखे आहे. विज्ञान म्हणून तो ती देत नाही. देतो ती धर्म म्हणून. वीजकेंद्र हे मंदिर, ते चालवणारा पुरोहित, रोग बरे करणारी यंत्रे म्हणजे देवाची कृपा, आणि टर्मिनस हे तीर्थक्षेत्र. राज्याराज्यांतून होतकरू पोरे टर्मिनसला येऊन शिकतात आणि पुरोहित होऊन परत जातात. कोणती कळ दाबली की काय होते हे त्यांना पाठ असते; का होते, हे त्यांना शिकवलेलेच नसते. बहुतेकांची श्रद्धा प्रामाणिक असते. फसवणाऱ्याला स्वतःलाच आपण फसवतो आहोत हे ठाऊक नसावे, याहून भक्कम बंदोबस्त कोणता? अ‍ॅनाक्रिऑनमधला टर्मिनसचा राजदूत हाच तेथील मुख्य पुरोहित आहे. आपल्या इतिहासात १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्याने इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. फौज आपल्या रक्षणाला, खर्च आपला आणि हुकूम दुसऱ्याचा. टर्मिनसचे वीजकेंद्र म्हणजे अशीच तैनाती फौज, फक्त तिला देव्हाऱ्यात बसवलेली.

मी हे वाचत होतो तेव्हा मला आमच्या वस्तीची लाईन आठवली. गावात वीज होती, आमच्याकडे ती उशिरा आली, आणि आली तरी फ्यूज गेला की गावातल्या एका माणसाकडे जावे लागे. तो खांबावर चढे, काहीतरी करी, उजेड येई. आम्ही पोरे त्याला जवळजवळ देव मानायचो. त्यालाही तारेतून काय वाहते हे माहीत नव्हते. वस्तीतील कोणाचे गावाशी वाजले की फ्यूज दोन-दोन दिवस दुरुस्त होत नसे, हे मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होते. माझी आई अंधारात चूल पेटवताना त्याला शिव्या देई आणि सकाळी त्याच्याच घरी निरोप धाडी.

सत्तेचा कस लागतो तो बंडाच्या दिवशी. टर्मिनस वसल्यानंतर ऐंशीएक वर्षांनी अ‍ॅनाक्रिऑनचा कारभारी व्हिएनिस आरमार पाठवून टर्मिनस जिंकायला निघतो. अल्पवयीन राजाचा हा चुलता. हार्डिन त्या वेळी त्याच्याच राजवाड्यात आहे. मध्यरात्रीच्या ठोक्याला अख्ख्या अ‍ॅनाक्रिऑनमधील वीज जाते. मंदिरे बंद, रुग्णालये बंद. पुढारी जहाजावरचा पुरोहित आरमाराला शाप देतो, त्याबरोबर जहाजाचे दिवे विझतात आणि खलाशीच बंड करतात. ज्या जहाजाच्या बळावर स्वारी करायची ते जहाज टर्मिनसनेच दुरुस्त करून दिले होते, त्यातच दुरून बंद करायची सोय बसवून. बाहेर पुरोहितांच्या मागून चालून आलेल्या जमावाने राजवाडा वेढलेला असतो. व्हिएनिस शेवटी स्वतःवरच शस्त्र चालवतो. वाचक टाळ्या वाजवतो, कारण एक उर्मट सरदार हरला आणि रक्तपात टळला. मीही पहिल्या वाचनात वाजवल्या. दुसऱ्या वाचनात रुग्णालयाशी अडखळलो. त्या रात्री तिथल्या खाटेवर जो कोणी होता, त्याने टर्मिनसचे काय वाकडे केले होते? असिमोव्ह तिथे थांबत नाहीत. अ‍ॅनाक्रिऑनची सामान्य प्रजा या कथेत जमाव म्हणून येते आणि जमाव म्हणूनच जाते. तिच्या तोंडी स्वतःचे वाक्य नाही.

पुढील शतकात धर्माचे हत्यार बोथट होते. त्याची युक्ती शेजाऱ्यांच्या ध्यानात आली आहे. ते पुरोहितांना वेशीच्या आत घेत नाहीत. तेव्हा होबर मॅलो हा व्यापारी म्हणतो की देव नको, माल विका. कोरेल या राज्यात तो घरगुती उपकरणे, कारखान्यांची यंत्रे, दागिने विकतो. पुढे कोरेल युद्ध पुकारतो तेव्हा मॅलो लढतच नाही, पुरवठा थांबवतो. वर्ष-दोन वर्षांत सुट्या भागांअभावी घरातले एकेक यंत्र बंद पडू लागते, कारखाने बसतात, आणि कोरेल शरण येतो. धर्माच्या जागी बाजार आला. दुसऱ्याच्या घरातील कळ आपल्या हाती ठेवायची, हे तंत्र मात्र तेच राहिले. आज सुटे भाग, इंधन, औषधाचे पेटंट यांवरून लहान राष्ट्रांची कशी कोंडी होते हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला समजावून सांगायला नको.

मॅलोबद्दल आणखी थोडे, कारण आपल्या दृष्टीने हे पात्र महत्त्वाचे आहे. तो टर्मिनसचा नाही, स्मिर्नोचा आहे. अंकित राज्यातून आलेला, टर्मिनसच्या शिक्षणावर वाढलेला. टर्मिनसचे कुलीन राजकारणी त्याला ही गोष्ट विसरू देत नाहीत. मोठ्या पदावर गेलेल्या आपल्यापैकी कोणाहीशी बैठकीत कसे बोलले जाते, ते ज्याने पाहिले आहे त्याला ही पाने वाचताना वेगळी टिपणी लागत नाही. मॅलो सर्वांना पुरून उरतो आणि महापौर होतो. पण त्याच्या महापौर होण्याने स्मिर्नोची पायरी बदलली का? कथा याविषयी एक शब्दही बोलत नाही. उतरंड एखाद्याला वर घेते ती बहुधा न ढळण्यासाठीच, असे माझे मत आहे. मॅलोवर मी रागवू शकत नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. मी स्वतः घराण्यातला पहिला पदवीधर आहे.

या सगळ्याच्या वर आणखी एक मडके आहे, आणि ते झाकलेले आहे. सेल्डनने दोन संस्था स्थापन केल्या होत्या. पहिलीच्या हाती पदार्थविज्ञान. दुसरीच्या हाती मनाचे शास्त्र, आणि तिचा पत्ता गुप्त. भावी साम्राज्यासाठी राज्याची चौकट पहिलीने उभी करायची आणि राज्यकर्ता वर्ग दुसरीने पुरवायचा, अशी योजना. पहिली संस्था समजते की आपणच वारस आहोत. वस्तुतः ती कोणासाठी तरी घर बांधते आहे. या सर्व योजनेचा पाया म्हणजे सेल्डनचे इतिहासाचे गणित, आणि त्या गणिताची एक अट अशी की ज्या लोकसमूहाचे भविष्य मांडायचे त्याला ते भविष्य माहीत असता कामा नये. लोकांना कळले तर ते वेगळे वागतील आणि गणित चुकेल. टर्मिनसवर पाठवलेल्या एक लाख माणसांत म्हणूनच मानसशास्त्रज्ञ जवळजवळ नव्हतेच. एका समूहाचे अज्ञान ही ज्या शास्त्राची पूर्वअट आहे, त्याला शास्त्र म्हणावे की स्मृती, हा प्रश्न मी वर्गात टाकून पाहिला. तास संपला तरी वाद संपला नाही.

मालेतील शेकडो वर्षांत साम्राज्य कोण चालवणार यावर घनघोर संघर्ष होतात. साम्राज्य असावेच का, हे जवळजवळ कोणी विचारीत नाही. असिमोव्ह यांना स्वतःला ही उणीव उशिरा जाणवली असावी. १९८२ च्या 'फाउंडेशन्स एज' मध्ये ते दोन्ही संस्थांच्या साम्राज्यांना नकार देऊन तिसरा पर्याय पुढे करतात, पण तो इतका गूढ आहे की माझे त्याने समाधान होत नाही. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या 'ड्यून' मध्ये सम्राट, मोठी सरदारघराणी आणि अवकाशप्रवासाची मक्तेदारी असलेला संघ असा तीन पायांचा समतोल आहे, समाज जन्माने आखलेल्या पायऱ्यांत बसवलेला आहे, आणि ज्या एका ग्रहावरच्या मसाल्यावर हे सारे चालते त्या ग्रहाच्या मूळ रहिवाशांना त्यात कुठेच मोजलेले नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खालच्या मडक्याने स्वतः बोलावे, हे उर्सुला ले ग्विन यांनी केले. १९९५ साली त्यांचे 'फोर वेज टू फर्गिव्हनेस' हे पुस्तक आले. वेरेल हा ग्रह, त्यावर व्हो डिओ हे बलाढ्य राष्ट्र, त्याच्या दबावाखाली वावरणारी गाताईसारखी दुय्यम राज्ये, आणि शेजारी येओवे ही वसाहत. समाज दोन भागांत, मालक आणि मालमत्ता. गुलामांना 'मालमत्ता' हाच शब्द आहे. मालक काळे आणि गुलाम फिक्या वर्णाचे आहेत. अमेरिकन वाचकाची सवय मोडावी म्हणून लेखिकेने हा रंग उलटवला, असे मी समजतो. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. सव्वाशे वर्षांनी त्याच देशातील एक लेखिका गुलामगिरीची उतरंड दुसऱ्या ग्रहावर रचून तपासते, तेव्हा 'गुलामगिरी' वाचलेल्याला ती परकी वाटत नाही. ले ग्विनच्या विश्वातही ग्रहांचा एक संघ आहे, एक्युमेन नावाचा. पण त्याचे हत्यार फौज किंवा मंदिर नाही. तो दूत पाठवतो, ज्ञानाची देवाणघेवाण करतो आणि वाट पाहतो. हार्डिनने कुलूप लावलेली विद्या इथे उघडी आहे.

येओवेचे गुलाम तीस वर्षे लढतात, वसाहतीवर मालकी असलेल्या कंपन्यांना हाकलून देतात आणि स्वतंत्र होतात. दुसरा कोणी लेखक इथे पुस्तक संपवता. ले ग्विन इथून पुढे लिहितात. राकम ही वेरेलवर गुलाम म्हणून जन्मलेली स्त्री. ती मुक्त होते, वाचायला शिकते, इतिहास वाचते, इतिहास शिकवू लागते. मग ती मोठ्या आशेने स्वतंत्र येओवेवर जाते, कारण तिथे मालक उरलेला नाही. उतरल्यावर तिला कळते की पुरुष सोबत नसलेल्या स्त्रियांना खेड्यात शेतमजुरीवर धाडले जाते, आणि खेड्याच्या पुढाऱ्यापुढे तिची पुस्तके काही कामाची नाहीत. लढ्यात जे खांद्याला खांदा लावून होते त्यांनीच मालकाची रिकामी खुर्ची घरात आणून ठेवली आहे. राकम तिथून निसटून शहरात येते आणि येओवेच्या स्त्रियांबरोबर पुन्हा पहिल्यापासून कामाला लागते.

हे पुस्तक मी वर्गात सांगितले तेव्हा तो मागच्या बाकावरचा मुलगा गप्प होता. पुढच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, फळ्यावरच्या त्या बारीक ठिपक्याच्या आत काय आहे ते तुम्ही काढलंच नाही."

मी खडू तिच्या हातात दिला.